मॅड मनी (२००८): झाडूवालीकडे कोण बघतंय!

चोरीचा पिक्चर म्हटलं की आपल्याला सूटबूटवाले हिरो, लेझरचे किरण, तिजोरीला कान लावून बसलेला एक्सपर्ट वगैरे आठवतं. मॅड मनीमध्ये यातलं काहीच नाहीये आणि बहुतेक म्हणूनच तो कुणाच्या लिस्टमध्ये नसतो. जानेवारी २००८ मध्ये आला, समीक्षकांनी झोडपला, थिएटरात फार टिकला नाही, विषय संपला. मला मात्र तो मनापासून आवडतो आणि जास्त लोकांनी बघावा असं वाटतं, म्हणून हे लिहितेय.

गोष्ट घडते अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत (म्हणजे तिथली रिझर्व्ह बँकच), जिथे जुन्या झालेल्या नोटा चलनातून काढून त्यांचा भुगा करतात. ब्रिजेट (डायन कीटन) चांगल्या खात्यापित्या घरातली, पण नवऱ्याची नोकरी गेलीय, कर्ज डोक्यावर बसलंय, राहतं घर जायची वेळ आलीय, आणि हातात साहित्याची डिग्री असली तरी इतकी वर्षं घरीच असल्यामुळे तिला कुणी उभं करत नाही, शेवटी काम मिळतं ते या बँकेत साफसफाईचं. तिथे भुगा करायच्या मशीनवर आहे नीना (क्वीन लतीफा), दोन मुलांना एकटीने वाढवणारी. आणि नोटांच्या गाड्या ढकलणारी जॅकी (केटी होम्स), कायम कानात हेडफोन, आपल्याच तालात डोलत चाललेली. एरवी या तिघी एकमेकींच्या घराची पायरी चढल्या नसत्या.

प्लॅन इतका साधा आहे की बघताना मजा येते. नोटांच्या गाडीला जे कुलूप असतं, तसंच दिसणारं कुलूप दुकानात सरळ विकत मिळतं हे ब्रिजेटच्या लक्षात येतं. मग काय, कुलूप बदलायचं, गड्ड्या कचऱ्यातून सरकवायच्या, आणि लेडीज टॉयलेटमध्ये वाटणी करून अंगावरच्या कपड्यांच्या आत कोंबून बाहेर पडायचं. जागोजागी कॅमेरे आहेत, गार्ड आहेत, पण झाडूवाली बाई कचऱ्याचा डबा घेऊन चाललीय तर तिच्याकडे कोण बघतंय? सगळा पिक्चर या एका गोष्टीवर उभा आहे आणि माझ्या मते हेच त्याचं मोठं बळ आहे, कारण हे शंभर टक्के खरं आहे, कुठल्याही ऑफिसात बघा.

आणि ही कल्पना हवेतून आलेली नाही. इंग्लंडमध्ये लंडनजवळ लॉटनला बँक ऑफ इंग्लंडचा जुन्या नोटा जाळायचा कारखाना होता, तिथल्या कामगारांनी खरोखर अशाच, कपड्यांत लपवून नोटा पळवल्या होत्या. त्यावर आधी ब्रिटिश टीव्हीसाठी एक फिल्म झाली आणि तिच्यावरून हा.

डायरेक्टर आहे कॅली खौरी, दोन मैत्रिणींवरच्या थेल्मा अँड लुईस या पिक्चरच्या पटकथेसाठी ऑस्कर घेतलेली. त्यामुळे तिघींमधले सीन ती अजिबात घाई न करता घेते. नीना सुरुवातीला साफ नाही म्हणते, तिला पकडलं तर मुलांचं कोण बघणार, ब्रिजेटसारखा नवरा नाहीये तिच्या मागे. मुलांना चांगल्या शाळेत घालता येईल या एका मुद्द्यावर ती विरघळते. क्वीन लतीफाने हे फार मोठ्याने न बोलता नुसत्या चेहऱ्यावर दाखवलंय, मला तर तिन्हींमध्ये तीच सगळ्यात आवडली. डायन कीटन एनर्जीने नुसती उसळत असते, आणि पुढे पुढे "बास आता" म्हणायची वेळ येते तेव्हा थांबायला तीच तयार नसते, हे पण पटतं, गरीब होती ती नीना, पण हाव सुटते ती ब्रिजेटला. कीटन ऑक्टोबर २०२५ मध्ये गेली, तेव्हा तिच्या मोठ्या पिक्चरांबद्दल खूप लिहून आलं, त्यात याचं नावही घ्यायला हवं होतं.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. सुरुवातीलाच तिघी पैसे जाळताना, फ्लश करताना दिसतात, म्हणजे पोलीस येणार हे आधीच कळतं आणि टेन्शन बरंच कमी होतं. जॅकीला लेखकाने फारसं काही दिलेलं नाही, केटी होम्स गोड दिसते पण तिचं घर, तिचा नवरा सगळं वरवरचं. चौकशी सुरू झाल्यावरचा भाग तर चक्क ढिला आहे. टेड डॅन्सन मात्र ब्रिजेटच्या नवऱ्याच्या छोट्या रोलमध्ये मस्त, घाबरट पण बायकोवर जीव असलेला.

अजून एक, हा पिक्चर आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही तिथली बडी बँक बुडाली, अमेरिकेत घरंच्या घरं बँकांच्या ताब्यात गेली. आधी ज्यांना ब्रिजेटची अडचण श्रीमंतांचं रडगाणं वाटली असेल, त्यांनी आता परत बघावा. पावणेदोन तासांच्या आत संपतो, मैत्रिणींसोबत लावा, आणि शेवटची काही मिनिटं उठू नका, तिथे एक छान गंमत ठेवलीय. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला एक पूर्ण क्वीन लतीफाचा.