डबा ओरिजिनल दिसणारा, आतल्या डीव्हीडी बनावट

वडिलांच्या नारदीय कीर्तनांच्या व्हीएचएस कॅसेटना बुरशी धरायला लागली, म्हणून २०१४ साली त्या सगळ्या डीव्हीडीवर उतरवल्या. त्यासाठी पुण्यातल्या एका दुकानातून ५० डीव्हीडींचा डबा आणला. सीलबंद प्लास्टिक, नावाजलेल्या कंपनीचं लेबल, 'जपानमध्ये बनवलेले' असा ठसा. स्वस्तातला मालही नव्हता, साध्या डिस्कपेक्षा चांगले जास्त पैसे मोजले होते. कुणी हे वाचून 'स्वस्ताच्या नादाला लागू नका' एवढंच लक्षात ठेवणार असेल, तर तेवढ्याने भागत नाही.

उतरवल्या तेव्हा सगळ्या डिस्क उत्तम चालल्या. खरी मेख इथेच आहे. बनावट डिस्क पहिल्या दिवशी दगा देत नाही. काही वर्षांनी वडिलांच्या पुण्यतिथीला घरी कीर्तन लावलं. पूर्वरंग सुरळीत पार पडला. उत्तररंगात आख्यान रंगात आलं आणि चित्राचे चौकोन व्हायला लागले, आवाज तुटला, प्लेअर नुसता घरघरत राहिला. दुसरी डिस्क लावली, तीही शेवटाकडेच अडली.

दुकानदार म्हणाला, "ताई, प्लेअर जुना झालाय, लेन्स साफ करून घ्या." नव्या ड्राइव्हमध्येही चालत नाहीत म्हटल्यावर सूर बदलला, "डिस्कला कुणी गॅरंटी देत नाही." बिल कच्चं होतं, त्यावर कंपनीचं नावही नव्हतं.

पुढे भाच्याने त्या डिस्क कॉम्प्युटरवर तपासल्या. प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीवर कारखान्यातच उत्पादकाचा कोड टाकलेला असतो आणि डीव्हीडी आयडेंटिफायरसारखं फुकट सॉफ्टवेअर तो दाखवतं. आमच्या एकाच सीलबंद डब्यात दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे कोड निघाले, त्यातला एकही जपानी नाही. उजेडात तिरकी धरली तर जांभळ्या थराची कड काही डिस्कवर वेडीवाकडी दिसत होती, आणि एकीच्या काठाशी डिंकाचे बुडबुडे होते.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात. मध्ये सेंद्रिय रंगाचा आणि चकाकीचा थर. लेझर त्या रंगावर खुणा उमटवतो. रंग हलक्या प्रतीचा किंवा चिकटवणं कच्चं असेल तर दमट हवा काठाकडून आत शिरते. रेकॉर्डिंग आतून बाहेर होत जातं, म्हणून काठाशी येतो तो व्हिडिओचा शेवट. आमचा उत्तररंग तिथेच गेला.

नुसत्या कोडवरही विसंबू नका. चांगल्या कारखान्यांचे कोड बनावटवाल्यांनी चोरलेले आहेत. ताइयो युदेन या जपानी कंपनीच्या डिस्क फार मानल्या जायच्या, म्हणून नकलाही तिच्याच फार झाल्या. तिने हा धंदा २०१५ मध्येच बंद केला, तेव्हा तिच्या नावाचा 'ताजा माल' कुणी दाखवला तर सरळ परत करा. नवा डबा घेतलात की आधी एकच डिस्क काठापर्यंत भरा आणि नीरो डिस्कस्पीड या सॉफ्टवेअरने एरर, म्हणजे वाचताना होणाऱ्या चुका, मोजा. सगळे ड्राइव्ह हे मोजू शकत नाहीत, लाइट-ऑन आणि बेनक्यू या कंपन्यांचे बरेचसे मोजतात. सलग ८ ब्लॉकमागे (डेटाच्या तुकड्यांमागे) पीआय एरर, म्हणजे त्या सॉफ्टवेअरने मोजलेल्या वाचनातल्या चुका, २८० च्या आत असावेत ही डीव्हीडीच्या मानकाची मर्यादा, चांगली डिस्क तिच्या खूप खाली राहते. काठाशी आलेख एकदम उसळला तर तो डबा ठेवायच्या कामाचा नाही. पक्कं बिल मागाच, त्यावर कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या. दुकानदाराने हात वर केले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि असल्या डिस्क बहुतेक वेळा ती उलटल्यावरच बिघडतात. म्हणून तपासणी पहिल्याच आठवड्यात हवी.

कॅसेट जपून ठेवल्या आहेत, पण त्या वाचायला व्हीसीआर कुठून आणायचा? शेवटच्या कंपनीनेही ते २०१६ मध्ये बनवणं थांबवलं. तुमच्याकडे लग्नाच्या, मुंजीच्या, कार्यक्रमांच्या जुन्या डीव्हीडी असतील तर याच आठवड्यात त्या हार्ड डिस्कवर उतरवा, दोन ठिकाणी. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्यात, तिसऱ्यात घालून पाहा. लॅपटॉपच्या ड्राइव्हने नाकारलेली आमची तीन आख्यानं एका जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने पूर्ण वाचली.