पुरुष जननसंस्थेची प्लास्टिक प्रतिकृती : धमन्या उत्तम, शिरा अपुऱ्या

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयाने बारावीच्या जीवशास्त्रासाठी ही प्रतिकृती मागवली. पोटाची मागील भिंत, श्रोणिभाग आणि जननेंद्रिये असे सुटे होणारे भाग, जवळपास प्रत्यक्षाएवढा आकार आणि सहा हजारांच्या आतली किंमत पाहता सौदा महाग म्हणता येणार नाही.

सर्वांत चांगला उतरला आहे तो शिश्नाचा आडवा छेद. वरच्या बाजूचे कॉर्पस कॅव्हर्नोसम हे स्पंजासारख्या ऊतीचे दोन स्तंभ, खाली मूत्रमार्गाला वेढणारा कॉर्पस स्पंजिओसम हा तिसरा स्तंभ, वरच्या प्रत्येक स्तंभाच्या मध्यभागी लाल ठिपक्यासारखी खोल धमनी आणि भोवती ट्युनिका अल्ब्युजिनियाचे जाड आवरण, हे सारे मागच्या बाकावरूनही दिसते. उत्तेजनाच्या वेळी नायट्रिक ऑक्साईडमुळे अनैच्छिक स्नायू सैल पडतात, धमन्यांतून रक्ताचा ओघ वाढतो आणि फुगलेल्या ऊतीमुळे आवरणाखालच्या शिरा दाबल्या जाऊन रक्त आतच राहते, ही क्रिया हा छेद हातात धरून पाच मिनिटांत समजावता येते. बसस्थानकाच्या भिंतीवरील ‘गुप्तरोग’ उपचारांच्या जाहिराती रोज वाचत येणाऱ्या मुलांना, ताठरता हा मुळात रक्ताभिसरणाचा विषय आहे, हे कोणी तरी दाखवायलाच हवे.

वृषण धमनीही बरोबर आहे. ती महाधमनीपासून, वृक्क (मूत्रपिंड) धमन्यांच्या जरा खालून निघते आणि जांघेतील वंक्षण नलिकेतून लांबवर उतरते. कारण वृषणे भ्रूणावस्थेत वृक्कांजवळ तयार होतात आणि खाली सरकताना आपला रक्तपुरवठा सोबत आणतात.

शिरांच्या बाबतीत मात्र निर्मात्याने हात आखडता घेतला आहे. धमनीभोवती वेलीच्या तणाव्यांसारखी गुंफलेली पॅम्पिनिफॉर्म शिराजालिका येथे केवळ एक सपाट निळा पट्टा आहे. खाली जाणारे गरम रक्त आपली उष्णता या जाळ्यातून परतणाऱ्या थंड रक्ताला देते, म्हणून वृषणांचे तापमान शरीरापेक्षा सुमारे २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी राहते आणि शुक्राणूनिर्मिती नीट चालते. हे त्या पट्ट्यावरून कसे दाखवावे?

त्याहून गंभीर चूक अशी, की दोन्ही वृषण शिरा थेट अधोमहाशिरेला, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेला, जोडल्या आहेत. प्रत्यक्षात तसे फक्त उजवीकडे असते. डावी शीर डाव्या वृक्क शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते, तिचा मार्ग लांब असतो, आणि व्हेरिकोसील, म्हणजे या जाळ्यातील शिरा फुगणे, बहुतांशी डावीकडे आढळण्यामागे हे एक प्रमुख कारण मानले जाते. पूर्व विदर्भात हत्तीरोगामुळे अंडवृद्धी परिचयाची असल्याने अंडकोशाची कोणतीही सूज लोक त्याच खात्यात टाकतात. अंडवृद्धीत वृषणाभोवती द्रव साचतो, व्हेरिकोसीलमध्ये शिरा फुगतात. हा फरक शिकवण्यासाठीच तर प्रतिकृती हवी होती.

आम्ही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून निळ्या आवरणाची तार आणली, डावी शीर कापून ती वृक्क शिरेला चिकटवली आणि उरलेली तार धमनीभोवती गुंडाळली. सोबतचे क्रमांकांचे कार्ड फक्त इंग्रजीत असल्याने मराठी तक्ता स्वतः करावा लागतो. छेदाची खुंटी लवकर सैल होते, निळा रंगही कडेने उडतो. तरीही धमन्या आणि छेद यांसाठी शाळा-महाविद्यालयांनी ती घ्यायला हरकत नाही. परिचारिका प्रशिक्षणासाठी मात्र शिरा नीट दाखवणारी, थोडी महाग प्रतिकृती पाहावी.