लोकसभा सचिवालय की महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय? साताऱ्या-सांगलीच्या उमेदवारांसाठी तुलना

साताऱ्यातल्या आणि सांगलीतल्या अभ्यासिकांमध्ये बसणारे अनेक उमेदवार लोकसभा सचिवालयाची किंवा विधानमंडळ सचिवालयाची जाहिरात मंत्रालयातील भरतीसारखीच समजतात आणि वेतनश्रेणी पाहून अर्ज भरतात. माझ्या मते अर्ज भरण्यापूर्वी आपण कोणाला उत्तरदायी राहणार, हे समजून घ्यायला हवे, कारण या दोन्ही कार्यालयांचे कर्मचारी मंत्र्यांच्या हाताखाली येत नाहीत.

याचे मूळ स्वातंत्र्यापूर्वीचे आहे. १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हा सभागृहाचे कर्मचारी सरकारच्याच खात्यातले होते. म्हणजे ज्या सरकारला प्रश्न विचारायचे, त्याच्याच नोकरांच्या हातून सभागृहाचा कारभार चालत होता. सभागृहाने १९२८ मध्ये ठराव केला आणि १० जानेवारी १९२९ रोजी अध्यक्षांच्या अखत्यारीत स्वतंत्र विभाग सुरू झाला. हेच तत्त्व राज्यघटनेने संसदेसाठी अनुच्छेद ९८ मध्ये आणि राज्यांसाठी अनुच्छेद १८७ मध्ये घातले.

तत्त्व एक असले तरी घडण वेगळी आहे. दिल्लीत लोकसभेचे सचिवालय अध्यक्षांच्या आणि राज्यसभेचे सचिवालय सभापतींच्या, म्हणजे उपराष्ट्रपतींच्या, नियंत्रणाखाली असते. महाराष्ट्रात मात्र विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांसाठी एकच सचिवालय आहे, कारण सामाईक पदे ठेवण्याची मुभा घटनेनेच दिली आहे. त्यामुळे मुंबईत एकाच कार्यालयाला दोन पीठासीन अधिकारी, म्हणजे सभागृहाचे कामकाज चालवणारे प्रमुख, असतात. फलटणचे रामराजे नाईक निंबाळकर २०१५ ते २०२२ या काळात परिषदेचे सभापती होते. त्यांच्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये राम शिंदे यांची निवड होईपर्यंत ते पद रिकामेच राहिले आणि उपसभापतींना काम पाहावे लागले. अशा काळात प्रशासनाला दोन समतुल्य प्रमुख उरत नाहीत, ही गोष्ट तिथे नोकरी करू पाहणाऱ्याने लक्षात ठेवावी.

पैशाच्या बाबतीत दोन्हीकडे अध्यक्षांचे वेतन संचित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, थेट भारित असते, म्हणून त्यावर मतदान होत नाही. सचिवालयाच्या खर्चासाठी मात्र सभागृहाकडे अनुदानाची मागणी येते. ब्रिटनमध्ये १९७८ च्या कायद्याने कॉमन्स सभागृहाच्या प्रशासनासाठी अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला असून सभागृहाच्या खर्चाचे अंदाज तोच तयार करून मांडतो. आपल्याकडे अनुच्छेद ९८ ने संसदेला भरती आणि सेवाशर्तींचा कायदा करण्याचा अधिकार दिला आहे, तरी तसा कायदा अद्याप झालेला नाही. अध्यक्षांशी विचारविनिमय करून राष्ट्रपतींनी केलेल्या नियमांवर सारे चालते. ही उणीव मला खटकते, कारण ज्या स्वातंत्र्यासाठी विठ्ठलभाईंनी आग्रह धरला, त्याला कायद्याचा आधार असायला हवा.

कामाच्या दृष्टीने दिल्लीत विशेषीकरण अधिक आहे. विधिविषयक व प्रशासकीय काम, ग्रंथालय व संशोधन, वृत्तांकन, भाषांतर आणि समक्रमिक (भाषण चालू असतानाच होणारे) भाषांतर यांसाठी वेगवेगळ्या सेवा आहेत. इंग्रजी आणि हिंदी दोन्हींवर पकड असणाऱ्याला, विशेषतः समित्यांच्या अहवालांसाठी संदर्भ गोळा करण्याची गोडी असणाऱ्याला, मी निःसंशय दिल्ली सुचवेन. मराठी लघुलेखन येणाऱ्याने मात्र मुंबईचा विचार करावा, कारण तिथल्या सभागृहांत भाषणे मुख्यत्वे मराठीतच होतात आणि प्रतिवेदकाच्या, म्हणजे भाषणे शब्दशः टिपणाऱ्याच्या, कौशल्याला खरी किंमत तिथेच मिळते.

घराचा प्रश्नही आहेच. मिरजेहून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबई गाठता येते. हिवाळी अधिवेशनासाठी मात्र नागपूरला जावे लागते. संसदेच्या नोकरीत बहुतेक आयुष्य दिल्लीतच जाते, आणि आईवडील शेतीवर एकटे असतील तर हे अंतर फार मोठे वाटते.

शेवटी सेवाविषयक तक्रारीचा मुद्दा. १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा संसदेच्या आणि राज्य विधिमंडळांच्या सचिवालयीन कर्मचाऱ्यांना लागू होत नाही. त्यामुळे पदोन्नती किंवा ज्येष्ठतेचा वाद उद्भवला, तर मंत्रालयातल्या सहकाऱ्याप्रमाणे न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येत नाही. दोन्ही सचिवालयांतील कर्मचाऱ्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते.