गडद पानांचे झुडूप: लोरोपेटलम की अकॅलिफा?

बागेच्या कडेला एकच गडद पानांचे झुडूप लावायचे असेल, तर निवड बहुधा जांभळ्या पानांचे लोरोपेटलम आणि तांबूस-किरमिजी अकॅलिफा यांच्यात अडकते.

रंगासाठी दोघांनाही भरपूर ऊन लागते, सावलीत दोन्ही हिरवट पडतात. लोरोपेटलमची कोवळी पालवी सर्वांत गडद असते आणि जुनी पाने कडक उन्हाळ्यात फिकी होतात. अकॅलिफाचा रंग अधिक भडक, पण पाने मोठी असल्यामुळे पाण्याचा ताण पडताच ती मलूल होतात.

खरा फरक मातीत आहे. लोरोपेटलमला किंचित आम्लधर्मी, उत्तम निचऱ्याची माती हवी. चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात, आणि नुसते खत वाढवून हा दोष जात नाही. अशा जमिनीत ते लावण्याचा आग्रह मी तरी धरणार नाही. अकॅलिफा मातीबाबत बरेच सोशिक आहे. मात्र कोरड्या हवेत त्यावर लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण या किडी येतात, म्हणून पानांची खालची बाजू नियमित तपासावी.

लोरोपेटलमची छाटणी वसंतातील गुलाबी, फितीसारखी फुले ओसरल्यावर लगेच करावी, उशीर केल्यास पुढच्या कळ्या कापल्या जातात. अकॅलिफा वर्षभर छाटता येते, आणि कापलेल्या फांद्यांपासून रोपेही सहज होतात.

दव गोठण्याइतकी हलकी थंडी पडणाऱ्या प्रदेशात सदाहरित लोरोपेटलम टिकते, अकॅलिफा करपते. उष्ण हवामानात, कमी खर्चात झटपट दाट कुंपण हवे असेल तर अकॅलिफा लावावे. आम्लधर्मी माती असून संथ वाढीची वाट पाहण्याची तयारी असेल तर लोरोपेटलम.