बेट की शेत? ॲनिमल क्रॉसिंग आणि स्टारड्यू व्हॅलीचा पहिला आठवडा

मारामारी नको, हरणं-जिंकणं नको, संध्याकाळी जरा डोकं शांत होईल असा गेम हवा. असं कुणी विचारलं की दोन नावं हमखास पुढे येतात: ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ आणि ‘स्टारड्यू व्हॅली’. वर्णन ऐकलं तर दोन्ही एकाच आईची लेकरं वाटतात. छोटं गाव, मासे पकडणं, घर वाढवणं, शेजाऱ्यांना भेटी देणं. त्यामुळे बरेच जण चित्रं बघून निवडतात आणि आठवड्याभरात कंटाळतात. मीही तेच केलं होतं. निवडताना आधी बघायचं ते घड्याळ.

ॲनिमल क्रॉसिंगमध्ये तुमचंच घड्याळ चालतं. खिडकीबाहेर रात्रीचे अकरा वाजले असतील तर बेटावरही अकरा, आणि तिथलं दुकान दहालाच बंद झालेलं. ऋतूही खरेच, म्हणून सुरुवातीलाच उत्तर गोलार्ध की दक्षिण हे विचारून घेतात. नवा दिवस पहाटे पाचला उजाडतो. घर बांधायला सांगितलं तर ते उद्या. म्हणजे खरोखरच उद्या.

स्टारड्यूचं घड्याळ स्वतःचं आहे, आणि ते पळतं. तिथली दहा मिनिटं आपल्या साधारण सात सेकंदांत संपतात. सकाळी सहाला उठायचं आणि रात्री दोनच्या आत अंथरुणात शिरायचं, हा सगळा दिवस चौदा मिनिटांचा. एकट्याने खेळताना मेनू उघडला की वेळ थांबते, हाच काय तो दिलासा. ऋतू २८ दिवसांचा. एखाद्या सुट्टीत चिकाटीने बसलात तर वसंत संपून उन्हाळा लागलेला असेल.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: तुमच्याकडे रोजची वीस-तीस मिनिटं आहेत, की आठवड्यातून एकदा सलग तीन-चार तास? रोज थोडं जमणाऱ्याने बेटावर जावं. एकदम बसणाऱ्याला शेत बरं.

आता पहिला आठवडा. बेटावर उतरल्यावर तुम्ही, दोन प्राणी शेजारी आणि बेटाचा सगळा कारभार बघणारा टॉम नूक. तंबू ठोका, फांद्या आणि फळं गोळा करा, शेकोटीचा कार्यक्रम होतो, झोपा. त्यानंतर खरी वेळ सुरू होते आणि तुमच्या डोक्यावर ५,००० ‘माइल्स’ नावाच्या गुणांची उधारी असते. हे माइल्स मासा पकडणं, तण उपटणं असल्या फुटकळ कामांतून आपोआप जमतात. ते फेडले की घरासाठी ९८,००० बेल्सचं, म्हणजे तिथल्या पैशांचं, कर्ज. आकड्याने घाबरू नका. व्याज नाही, मुदत नाही, वसुलीला कुणी येत नाही. असा सावकार दुसरीकडे कुठे मिळायचा नाही.

अडचण येते ती दुसरीच. मी पहिल्या शनिवारी तीन तास राखून बसले होते, आणि दीड तासात करण्यासारखं काही उरलंच नाही. पाच किडे-मासे नूकला दाखवले, संग्रहालयवाला ब्लेदर्स उद्या येणार. त्याला आणखी पंधरा दिले, इमारतीसाठी पुन्हा थांबा. दुकानासाठी तीन प्रकारचं लाकूड प्रत्येकी ३० आणि लोखंडाचे ३० खडे लागतात, आणि लोखंड मिळतं ते बेटावरच्या मोजक्या दगडांतून. एका दगडातून दिवसाला जास्तीत जास्त आठ वस्तू निघतात. त्यासाठी आपल्या मागे दोन खड्डे खणून ठेवायचे, म्हणजे घाव घातल्यावर आपण मागे सरकत नाही. आणि फळ खाऊन दगडावर घाव घालू नका. दगड फुटून जातो आणि त्या दिवसाचं लोखंड बुडतं.

कन्सोलचं घड्याळ पुढे सारून हे सगळं उरकता येतं, करणारे करतातही. पण मग खेळाची लयच जाते. शिवाय रविवारी सकाळी घेतलेले सलगम घड्याळ मागे नेलं की सडतात.

स्टारड्यूत उलटं. पहिल्या सकाळी हातात पार्सनिप या कंदाच्या १५ बिया, ५०० सोन्याची नाणी आणि झाडोरा माजलेलं रान. बी २० ला मिळतं, कंद चार दिवसांत तयार होऊन ३५ ला जातो. गणित सोपं, पण अंगात ताकद मर्यादित: सुरुवातीला २७० एकक, आणि कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव त्यातून वजा होतो. नवखा माणूस पहिल्याच दिवशी सगळं रान साफ करायला धावतो. दुपारपर्यंत ताकद संपते, मग उरलेला दिवस गावात निरुद्देश फिरायचं. रात्री दोनपर्यंत घरी पोचला नाहीत तर जिथे असाल तिथे कोसळता आणि काही पैसेही जातात. पहिल्या आठवड्यात माझं हे दोनदा झालं.

मग तारखा लक्षात ठेवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी कोळी विली गळ देतो, पाचव्या दिवशी खाण उघडते, बुधवारी पिएरचं दुकान बंद. तेराव्याला अंड्यांचा उत्सव, तिथे स्ट्रॉबेरीची बियाणी मिळतात, म्हणून आधी थोडे पैसे गाठीशी हवेत. ऋतू बदलला की शेतातलं जुन्या ऋतूचं पीक वाळून जातं. मासेमारी सुरुवातीला अक्षरशः छळते. हिरवी पट्टी माशामागे नाचवताना बोट थकतं. विलीकडे २५ नाण्यांत शिकाऊ गळ मिळतो, तो लाज न बाळगता घ्यावा.

म्हणजे ‘शांत गेम’ ही पाटी दोघांवरही नीट बसत नाही. एकात ताण नाही, पण वाट बघणं आहे. दुसऱ्यात वाट बघावी लागत नाही, पण मनातल्या मनात यादी चालू राहते. तरी स्टारड्यूत कायमचं हरणं असं काही नाही. खेळातल्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, हे शेत तुम्हाला देऊन गेलेल्या आजोबांचा आत्मा येऊन कामगिरी जोखतो खरा, पण तो निकालही नंतर एक हिरा अर्पण करून पुन्हा लावून घेता येतो.

शेजाऱ्यांच्या बाबतीत माझा कौल स्पष्ट आहे. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये चारशेहून अधिक प्राणी आहेत आणि बेटावर एका वेळी दहा राहतात. दिसायला एकेक लोभस. पण स्वभावाचे साचे आठच, त्यामुळे महिन्याभराने मांजराच्या तोंडचं वाक्य बदकाच्या तोंडून ऐकू येतं. स्टारड्यूचा चित्रं, संगीत, लेखन, सगळा डोलारा एरिक बॅरोन या एकाच माणसाने साडेचारेक वर्षं खपून उभा केला आणि २०१६ मध्ये आणला, आणि गावातल्या माणसांत ते जाणवतं. शेन पहिल्या भेटीत अंगावर खेकसतो. तो असा का, हे कळायला बरेच दिवस त्याच्याशी बोलावं लागतं. पॅमची दारू, तंबूत राहणारा लायनस, अशी माणसं तिथे आहेत. कुणालाही आठवड्यात दोनच भेटी देता येतात, आणि प्रत्येकाची आवड वेगळी. गावातल्या लोकांसाठी खेळायचं असेल तर दुसरा विचार करू नका.

सजावटीत मात्र बेटाच्या जवळपासही शेत पोचत नाही. आधी बेटाला तीन ताऱ्यांचा दर्जा मिळवून के. के. स्लायडर या गायकाची मैफल घडवावी लागते. त्यानंतर नदी वळवा, डोंगर उभारा, रस्ते आखा.

घरात खेळणारे एकाहून जास्त असतील तर हे आधीच वाचून ठेवा, नाहीतर भांडणं ठरलेली. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये एका कन्सोलवर एकच बेट. दुसरा खेळाडू आला तरी तो त्याच बेटावर राहतो, आणि बेटाच्या प्रगतीचे मोठे निर्णय पहिला आलेलाच घेतो. धाकट्याने आधी सुरू केलं तर थोरली कायमची पाहुणी. स्टारड्यूत प्रत्येकाचं शेत वेगळं ठेवता येतं किंवा संगणकावर आणि कन्सोलवर एकाच पडद्यावर मिळून खेळता येतं. फक्त मिळून खेळताना मेनू उघडून वेळ थांबत नाही.

काहींचा निर्णय उपकरणच करून टाकतं. ॲनिमल क्रॉसिंगचा हा भाग २०२० मध्ये आला तो निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलसाठीच, तर स्टारड्यू संगणक, कन्सोल आणि फोन, सगळीकडे चालतो. आणि स्टारड्यू संगणकावर रात्री झोपल्यावरच सेव्ह होतो. तेव्हा ‘पाच मिनिटं’ म्हणून उघडण्यात अर्थ नाही. बेट कधीही मिटून ठेवा.

स्टारड्यू घेतलात तर पहिल्या खेपेला साधं शेत निवडा. मोकळी जागा जास्त मिळते. नंतर आलेल्या कुरणाच्या शेतात दोन कोंबड्या आयत्या मिळतात, तेही चालेल. रात्री राक्षस फिरतात ते शेत नकोच.

बेट घेतलात तर समोर ठेवलेल्या चार नकाशांवर रेंगाळा. विमानतळ आणि चौक कुठे आहे ते बघा, कारण ते पुढे हलवता येत नाहीत. नद्या-डोंगरांची चिंता नको. आणि बेटाचं नाव विचारतील तेव्हा घाई करू नका, तेही बदलत नाही. मला त्या क्षणी काही सुचेना, म्हणून तात्पुरतं म्हणून ‘नंतर’ असं टाइप केलं. आता दर सकाळी बेटावरच्या घोषणा करणारी इझाबेल साऱ्या बेटाला त्याच नावाने हाक मारते.