टॅरँटुला पिल्लाचं 'स्टार्टर किट': डबा कामाचा, हीट मॅट काढून टाका

टॅरँटुला या मोठ्या केसाळ कोळ्याच्या पिल्लासाठी, म्हणजे स्लिंगसाठी, ऑनलाइन मिळणाऱ्या तयार किटमध्ये साधारण एवढं असतं: 8 सेंमी उंचीचा अ‍ॅक्रिलिकचा डबा, कोकोपीटची वीट, स्पंज, पाण्याची वाटी, चिमटा, डब्याला ऊब देणारी हीट मॅट आणि माहितीचा कागद. कर्ली हेअरसारखी दणकट जात पाळायला घेणाऱ्याने डबा आणि कोकोपीट यांच्यासाठी ते जरूर घ्यावं. हीट मॅट आणि स्पंज मात्र डब्यात जाऊ देऊ नयेत.

हीट मॅट सगळ्यात घातक. उकाडा वाढला की जमिनीवर राहणारा टॅरँटुला खाली उकरत जातो. मॅट डब्याच्या तळाशी असेल तर तो सुटकेसाठी नेमका जास्त तापलेल्या जागी पोचतो आणि सुकून मरतो. मुंबई-पुण्यात घरातलं 24 ते 30 अंश तापमान त्याला पुरतं. स्पंजही नको, त्यात घाण कुजते. उथळ वाटीत साधं पाणी ठेवावं.

डब्याची भोकं 3 मिमीची आहेत. 1 सेंमीचं पिल्लू त्यातून सहज निसटतं, कारण पाठीची ढाल जिथून जाते तिथून मऊ पोटही जातं. भोकांवर चिकटपट्टी लावू नका, आतल्या डिंकाला पिल्लू चिकटतं. पायांसकट 2.5 सेंमी होईपर्यंत हॉटेलच्या पार्सलमधली चटणीची डबी उत्तम. ती गरम पाण्याने धुवा आणि सुईने आतून बाहेर 1 मिमीची भोकं पाडा, म्हणजे धारदार कड बाहेर राहते.

कोकोपीट चांगलं आहे, खत मिसळलेलं नाही. भिजवून मुठीत घट्ट पिळा, थेंब पडायचा थांबला की भरा. मोठ्या डब्यात थर 5 ते 6 सेंमी हवा. वर मोकळी जागा जास्त राहिली तर पिल्लू झाकणावरून पडून पोट फुटण्याची भीती असते. मग आठवड्यातून एकदा फक्त एक कोपरा ओला करा. कागदावर लिहिलेली रोजची फवारणी केली तर बुरशी आणि माइट्स (बारीक किडे) येणारच.

कागदावरचं 'रोज एक क्रिकेट' (म्हणजे रातकिडा) हेही चूक. आठवड्यातून दोनदा, पोटापेक्षा लहान भक्ष्य पुरे. अगदी छोट्या पिल्लाला मेलेल्या क्रिकेटची तंगडी चालते. उरलेलं 24 तासांत चिमट्याने काढा. चिमटा स्टीलचा आहे, त्याने भरवू नका, झडप घालताना दात मोडू शकतो.

कात टाकण्याबद्दल कागदात एक ओळही नाही, ही मोठी उणीव आहे. खाणं बंद झालं, पोट चकचकीत आणि काळपट दिसू लागलं की भक्ष्य देणं थांबवा. पिल्लू उताणं पडलं म्हणजे मेलं नाही, ते कात टाकतंय. त्याला हलवू नका, फुंकर मारू नका. डब्यात जिवंत क्रिकेट असेल तर तो त्या मऊ अंगाला कुरतडतो. नंतर पाणी भरलेलं ठेवा आणि पांढरे दात पूर्ण काळे झाल्यावरच, साधारण आठवड्याने, पहिला घास द्या.