केसाळ लोकर: काठासाठी उत्तम, अख्ख्या टोपीसाठी विचार करून घ्यावी

नाशिकच्या मेन रोड परिसरातील लोकरीच्या एका जुन्या दुकानातून मी गेल्या हिवाळ्यापासून केसाळ लोकर घेत आहे आणि तिच्यावर क्रोशाने टोप्या, मफलर व गळपट्टे विणत आहे. दुकानात हिला फर लोकर म्हणतात; काही गिऱ्हाइके आयलॅश म्हणून मागतात. माझे मत आधीच सांगते. मफलर, गोल गळपट्टा आणि टोपीचा काठ यांसाठी ही लोकर पैसे वसूल करून देते. मात्र केवळ हिच्यावर अख्खी टोपी विणायला घेतली, तर श्रम जास्त होतात आणि टोपीला आकारही हवा तसा येत नाही. साध्या लोकरीची जोड दिली की हीच लोकर एकदम गुणाची ठरते.

मी घेतलेल्या गुंड्याच्या पट्टीवर वजन ५० ग्रॅम, लांबी साधारण ६० मीटर आणि घटक शंभर टक्के पॉलिस्टर असे छापलेले आहे. म्हणजे लोकर हे केवळ बोलण्यातले नाव. मेंढीचा केस यात नाही. मधोमध एक बारीक, साखळीसारखा गुंफलेला गाभ्याचा दोरा असतो आणि त्याच्यातून सुमारे दोन ते तीन सेंटीमीटर लांबीचे मऊ केस बाहेर आलेले असतात. हे केस गाभ्याच्या विणीत अडकवलेले असतात, चिकटवलेले नसतात. त्यामुळे लोकर चांगली की हलकी हे दुकानातच कळते. गुंड्याचे टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरावे, उजव्या हाताच्या दोन बोटांनी केसांचा एक झुपका पकडावा आणि हलकेच ओढावा. एखाद-दुसरा केस हातात आला तर चालते. झुपकाच्या झुपका निघून आला आणि गाभा उघडा पडला, तर तो गुंडा परत ठेवावा. मी घेत असलेली लोकर या कसोटीला चांगली उतरली आहे. काळा आणि राखाडी रंग विशेष घट्ट आहेत. पांढऱ्या रंगाचे केस किंचित जास्त गळतात, असे माझे निरीक्षण आहे.

ऊब हा या लोकरीचा खरा प्रश्न आहे, कारण नाशिकची थंडी नाव ठेवण्यासारखी नसते. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या आपण दर एक-दोन वर्षांनी वाचतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवून धूर केला जातो आणि शहरातही गंगापूर रोडवरून सकाळी सातला दुचाकीने जाणाऱ्याचे कान सुन्न होतात. अशा वेळी लोकरीचे कापड उबदार असते ते त्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि लांब केसांमुळे या कापडात हवा भरपूर अडकते. वाऱ्यापुढे मात्र एकेरी फर लोकरीची सैल वीण टिकत नाही. टाक्यांमधल्या फटींतून गार वारा सरळ कानाला लागतो. दुसरी गोष्ट घामाची. खरी मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास ओलावा हवेतून सहज धरून ठेवते, तर पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. त्यामुळे दुपारी ऊन तापू लागले की डोक्यावरची पॉलिस्टरची टोपी दमट वाटू लागते. गळ्याभोवती हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण मफलर सैल करता येतो.

आता विणण्याविषयी, कारण ज्यांना क्रोशा येतो त्यांचाही हात या लोकरीवर सुरुवातीला अडखळतो. टाके दिसत नाहीत, हे त्याचे साधे कारण. साध्या लोकरीत मागच्या ओळीतल्या खांबाच्या, म्हणजे उभ्या टाक्याच्या, डोक्यावरची वेणी स्पष्ट दिसते आणि सुई तिच्याखाली घालायची असते. इथे त्या वेणीवर केसांचे रान माजलेले असते. म्हणून डोळ्यांऐवजी बोटांवर भिस्त ठेवावी लागते. डाव्या हाताचा अंगठा कापडाच्या पुढच्या बाजूला आणि मधले बोट मागच्या बाजूला ठेवून कडेवरून सरकवले, की प्रत्येक खांब एका लहान गाठीसारखा लागतो आणि दोन खांबांमधली जागा पोकळ लागते. सुई वेणीखाली घालण्याचा हट्ट सोडून या पोकळ जागेत घातली, तर काम निम्म्याने सोपे होते आणि केसांच्या आड ती तडजोड कोणाला दिसतही नाही. सुई जाड हवी. एकेरी फर लोकरीला मी आठ मिलीमीटरची वापरते. सहाच्या खाली गेल्यास केस टाक्यात दाबले जातात आणि कापड मऊ लागण्याऐवजी गच्च, काथ्यासारखे लागते.

उसवणे हा या लोकरीचा सर्वांत मोठा अवगुण आहे. साधी लोकर ओढली की सरसर सुटते. इथे शेजारच्या दोन टाक्यांचे केस एकमेकांत गुंततात आणि ओढल्यावर गाठ आवळते. उसवायचेच असेल तर एकेक टाका सोडवावा, प्रत्येक टाक्यानंतर बोटाने केस बाजूला करावेत आणि गाठ पडलीच तर जोर न लावता बोथट सुईच्या टोकाने ती सैल करावी. एकच धागा दोन-तीनदा उसवला तर केस गळून गाभा विरळ दिसू लागतो. म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला रंगीत दोऱ्याची खूण बांधणे आणि ओळ संपताच टाके मोजणे आवश्यक आहे. हे काम दूरचित्रवाणी पाहत करण्याजोगे नाही.

यावरचा उत्तम उपाय म्हणजे फर लोकरीसोबत त्याच रंगाच्या साध्या फोर प्लाय (चार पदरी) लोकरीचा एक धागा धरून विणणे. हा साधा पदर टाक्याला अंग देतो, बोटांना टाका लागू लागतो, कापड वाऱ्याला अडवते आणि कापडाचा तोलही राहतो. सुई साडेसहा मिलीमीटरची पुरते. साध्या पदराचा रंग थोडा गडद घेतला तर केसांच्या मुळाशी छाया पडून फर अधिक दाट दिसते. राखाडी फरखाली काळा पदर मला सर्वांत आवडला. विणून झाल्यावर एक गोष्ट अवश्य करावी. क्रोशात केस बहुतेक करून कापडाच्या मागच्या बाजूला जमतात, त्यामुळे विणताना जी बाजू उलटी असते तीच अधिक केसाळ होते. तीच बाजू सुलटी म्हणून वापरावी आणि टाक्यांत अडकलेले उरलेले केस बोथट सुईने हळूहळू बाहेर काढावेत. कडेपासून सुरुवात करून ओळीओळीने हे केले की कापड पाहता पाहता फुलून येते. या कामाला वेळ लागतो, पण याच्याशिवाय वस्तूला दुकानातल्या वस्तूसारखी सफाई येत नाही.

टोपीचा माझा हिशेब असा आहे. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५७ सेंटीमीटर असतो आणि टोपी घट्ट बसावी म्हणून ती घेरापेक्षा चार-पाच सेंटीमीटर कमी ठेवावी लागते. म्हणजे टोपीचा घेर ५१ धरला, तर वरच्या चकतीचा व्यास सव्वासोळा सेंटीमीटर होतो. वरचा भाग साध्या लोकरीवर चार मिलीमीटरच्या सुईने विणते: पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६ असे प्रत्येक फेरीत १२ वाढवत चकती हव्या त्या व्यासाची झाली की वाढवणे थांबवायचे आणि सरळ खाली उतरायचे. कानाच्या वरपर्यंत आले की फर लोकर आणि साधा पदर एकत्र घेऊन काठाच्या चार-पाच फेऱ्या मुक्या खांबांच्या, म्हणजे आखूड टाक्यांच्या, घालायच्या. इथे एक पथ्य पाळावे. जाड धागा आणि जाड सुई यांमुळे टाका रुंद होतो, म्हणून दर तीन टाक्यांमागे एक टाका कमी करावा. तेवढेच टाके ठेवले तर काठ झालरीसारखा बाहेर पसरतो आणि कानापासून सुटतो. प्रत्येकाच्या हाताची ओढ वेगळी असल्याने आधी दहा सेंटीमीटरचा नमुना विणून टाके मोजून घ्यावेत, हे या लोकरीच्या बाबतीत टाळू नये. अशा टोपीला फर लोकरीचा एकच गुंडा पुरतो. शिवाय कानाला आणि कपाळाला दाट ऊब मिळते आणि डोक्याचा वरचा भाग मोकळा श्वास घेतो.

दुचाकीवर मात्र ही टोपी उपयोगाची नाही. जाड टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही आणि नीट न बसलेले हेल्मेट असून नसल्यासारखे. म्हणून दुचाकी चालवणाऱ्यांसाठी मी या लोकरीचा गोल गळपट्टा सुचवीन. सुमारे ६० सेंटीमीटर घेराचा आणि २० सेंटीमीटर उंचीचा गोल विणला की तो डोक्यातून घालता येतो, हनुवटीपर्यंत ओढता येतो आणि लांब मफलरची टोके चाकात अडकण्याची धास्तीही राहत नाही. चालत फिरणाऱ्यांसाठी लांब मफलर अर्थातच देखणा दिसतो. दीड मीटर लांब आणि पंधरा सेंटीमीटर रुंद मफलरला साधा पदर सोबत धरल्यास फर लोकरीचे चार गुंडे लागतात.

दुकानाविषयी चांगलेच लिहावेसे वाटते. जागा अरुंद आहे, लोकर छतापर्यंत रचलेली आहे आणि बहुतेक माल लुधियानाचा असल्याचे मालक सांगतात. गुंडा हातात घेऊन, टोक ओढून, दारापाशी उजेडात नेऊन रंग पाहू देतात, ही या दुकानाची सर्वांत मोठी सोय आहे. ऑनलाइन मागवताना हेच जमत नाही. एका संकेतस्थळावरून मागवलेल्या गुंड्यांपैकी एकात मध्येच गाठ मारून दोन तुकडे जोडलेले निघाले आणि परत घेण्याची सोय नव्हती. इथे मी चार गुंडे मागितले तेव्हा मालक काकांनी स्वतःहून चारही पट्ट्यांवरचे लॉट क्रमांक (एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा क्रमांक) ताडून पाहिले, एक वेगळा निघाला तो बाजूला काढला आणि म्हणाले, "ताई, हा लॉट संपला की हाच रंग पुन्हा येईल याची खात्री मी देत नाही. पाच न्या, उरला तर पट्टी न काढता परत आणा." गुंडा उरला, मी परत नेला आणि त्यांनी काहीही न विचारता पैसे परत केले.

किमतीबद्दल तक्रार नाही, पण वजनाने पाहिले तर ही लोकर साध्या अ‍ॅक्रिलिक लोकरीच्या जवळजवळ दुप्पट पडते. चार गुंड्यांचा मफलर विणण्याच्या खर्चात शरणपूर रस्त्यावरच्या तिबेटियन मार्केटमध्ये तयार मफलर मिळूनही जातो. तेव्हा केवळ स्वस्त पडेल म्हणून विणायला बसू नये. आपल्या मापाचे, आपल्या रंगाचे आणि मनासारख्या काठाचे हवे असेल, तरच हा खर्च सार्थकी लागतो.

खरेदी करताना एका सारख्या दिसणाऱ्या मालापासून सावध राहावे. अलिझे या तुर्की कंपनीची पफी नावाची लोकरही बाजारात मिळते. तीही पॉलिस्टरची आणि फुगीर असते, पण तिच्यावर मोठमोठे तयार फास असतात, ती सुईऐवजी बोटांनी विणतात आणि १०० ग्रॅमच्या गुंड्यात केवळ नऊ मीटर धागा असतो. फर लोकरीचा नमुना पाहून पफी आणली, तर हिशेब सगळाच कोलमडतो.

तान्ह्या बाळासाठी ही लोकर मी वापरत नाही आणि इतरांनीही वापरू नये, असे आग्रहाने सांगते. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते आणि सुटे केस घशात जाण्याचा धोका असतो. बाळाची टोपी मऊ, गुळगुळीत आणि केस नसलेल्या धाग्याचीच असावी. तसेच हा मफलर गळ्यात घालून शेकोटीजवळ, गॅसपाशी किंवा देवासमोरच्या निरांजनाजवळ वाकू नये. पॉलिस्टर पेटले की वितळते आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटून खोलवर भाजतो. लांब केस ठिणगी लवकर पकडतात, त्यामुळे इथे काळजी दुप्पट घ्यावी.

धुणे सोपे आहे. गार पाण्यात सौम्य साबण विरघळवून वस्तू दहा मिनिटे बुडवावी, पिळू नये, पंच्यात गुंडाळून दाबावी आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. ती दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने मफलर लांबतो. इस्त्री अजिबात फिरवू नये, केस आक्रसून चिकटतात आणि ते पुन्हा सुटे होत नाहीत. वाळल्यावर वस्तू दोन-तीनदा झटकून रुंद दात्यांच्या कंगव्याने केस हलकेच विंचरले, की फर पुन्हा फुलते. माझा गेल्या वर्षीचा काळा गळपट्टा अनेकदा धुऊनही यंदा तितकाच दाट आहे. पांढऱ्या टोपीचा काठ मात्र थोडा विरळ झाला आहे, म्हणून पांढरा रंग घेणाऱ्यांनी एक गुंडा जास्तीचा, त्याच लॉटचा, आताच घेऊन ठेवावा.